एकच मैल, पाच खाती: अमेरिकेत ट्रक चालवताना राज्यांची परमिटं आणि मैलांवरचे कर

अमेरिकेत ट्रक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शिरतो तेव्हा बहुतेक ठिकाणी त्याला कोणी अडवत नाही. नाका नाही, पावती नाही, फक्त स्वागताचा बोर्ड. त्यामुळे नव्या मालकाला वाटतं, एकदा रजिस्ट्रेशन झालं, नंबर मिळाला की झालं. खरं तर त्या बोर्डाच्या पलीकडचा प्रत्येक मैल हिशोबात येतो, आणि तो मोजून कळवायची जबाबदारी तुमची असते. कळवला नाही तर बिल लगेच येत नाही. दोन-तीन वर्षांनी येतं, दंड आणि व्याजासकट.

आपल्याकडे नॅशनल परमिटचं एकत्रित शुल्क वर्षाला एकदा भरलं की गाडी देशभर फिरते. तिकडे असा एकच कागद नाही. काही कागद केंद्राचे आहेत, काही सगळ्या राज्यांनी मिळून केलेल्या करारांचे, आणि पाच राज्यं अशी की त्यांचा मैलांवरचा कर अगदी वेगळा: ओरेगन, न्यूयॉर्क, केंटकी, न्यू मेक्सिको आणि कनेटिकट. हा लेख दोघांसाठी आहे. एक, ज्यांनी तिकडे स्वतःची एखाद-दोन ट्रकांची कंपनी काढली आहे किंवा काढायची आहे ते. आणि दुसरे, इथे पुण्यात बसून रात्रपाळीत तिकडच्या ट्रकमालकांचं बॅक-ऑफिस सांभाळणारे. दोघांचाही घोटाळा बहुधा एकाच जागी होतो. परमिट काढलेलं असतं, कर भरायची तयारीही असते, पण राज्यवार मैलांची नोंद धड नसते. म्हणून पुढचा प्रत्येक टप्पा वाचताना एक प्रश्न डोक्यात ठेवा: हा आकडा मी कुठून आणणार?

आधी वजनाचा आकडा बघा

कुठलाही अर्ज भरण्याआधी गाडीचं एकूण वजन, म्हणजे गाडी, ट्रेलर आणि माल मिळून नोंदवलेलं वजन, कागदावर लिहून घ्या. अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

१०,००० पौंडांच्या वर गेलात आणि माल राज्याबाहेर नेताय, तर यूएसडॉट नंबर (केंद्राच्या परिवहन खात्याचा कंपनी-क्रमांक) आणि यूसीआर (राज्याबाहेर माल नेणाऱ्यांची वार्षिक नोंदणी) लागतं. १८,००० पौंडांच्या वर असाल तर न्यूयॉर्कचा हायवे यूज टॅक्स लागू होतो. २६,००० च्या वर गेलात, किंवा वजन कितीही असलं तरी पॉवर युनिटला, म्हणजे इंजिन असलेल्या गाडीला, तीन किंवा जास्त अ‍ॅक्सल असले, की इफ्टा (राज्यांचा इंधनकराचा करार) आणि आयआरपी (रजिस्ट्रेशन फी वाटून घेण्याचा करार). ओरेगन आणि न्यू मेक्सिकोचे मैलकर २६,००० च्या वर सुरू होतात. ५५,००० पासून केंद्राचा हेवी व्हेइकल टॅक्स, ज्याला सगळे २२९० म्हणतात. आणि ६०,००० पासून केंटकी.

यातला १८,००० चा आकडा बॉक्स ट्रकवाल्यांनी ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. सव्वीस फुटी बॉक्स ट्रक मुद्दाम २६,००० पौंडांच्या आत बसवलेला असतो, म्हणजे सीडीएल (जड गाड्यांचं लायसन्स) नको, इफ्टा नको, आयआरपी नको. मालक निर्धास्त होतो. पण न्यू जर्सीतून तीच गाडी ब्रॉन्क्सला किंवा लाँग आयलंडला माल टाकायला गेली की न्यूयॉर्कचा कर लागतो. तिथल्या एकूण वजनाच्या पद्धतीत सीमा १८,००० ची आहे, २६,००० ची नाही. हे माहीत नसलेले बॉक्स ट्रकवाले बरेच भेटतात.

पायाचे कागद, याच क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढचं खातं मागचा कागद मागतं.

सुरुवात यूएसडॉट नंबरने. दुसऱ्याचा माल भाड्याने राज्याबाहेर नेणार असाल तर त्यासोबत ऑपरेटिंग अथॉरिटी, म्हणजेच बोलीभाषेतला एमसी नंबर. त्याची फी ३०० डॉलर. अथॉरिटी प्रत्यक्षात सुरू व्हायला दोन गोष्टी दाखल व्हाव्या लागतात. पहिली, विमा. साध्या मालासाठी कायद्याची किमान रक्कम ७,५०,००० डॉलर आहे, पण ब्रोकर, म्हणजे माल मिळवून देणारे दलाल, बहुधा १० लाख डॉलरखाली लोड देत नाहीत. दुसरी, बीओसी-३, म्हणजे प्रत्येक राज्यात तुमच्या वतीने कोर्टाचे कागद स्वीकारणारा प्रतिनिधी. अथॉरिटीनंतर पहिल्या १८ महिन्यांत नव्या कंपनीवर नजर असते आणि पहिल्या वर्षातच सेफ्टी ऑडिट होतं. डॉट नंबरची माहिती दर दोन वर्षांनी अद्ययावत करावी लागते, काही बदललं नसलं तरीही.

इथे एक सावधगिरी. डॉट नंबर सार्वजनिक नोंदीत येतो, आणि त्याच दिवसापासून फोन वाजायला लागतो. सरकारी वाटणारी पत्रं येतात, 'तुमचं यूसीआर बाकी आहे, आज भरलं नाही तर अथॉरिटी रद्द' असे निरोप येतात. यातले बरेच जण मध्यस्थ असतात आणि साध्या फीच्या कितीतरी पट उकळतात. पैसे भरताना वेबसाइटचा पत्ता डॉट गव्ह ने संपतो का, ते आधी बघा.

यूसीआर हे दरवर्षीचं साधं शुल्क आहे, गाड्यांच्या संख्येवर ठरतं. दोन गाड्यांपर्यंतच्या कंपनीला २०२५ साठी ४६ डॉलर होते. पुढच्या वर्षाचं रजिस्ट्रेशन १ ऑक्टोबरला उघडतं, ३१ डिसेंबरच्या आत भरायचं. तुमचं राज्य यूसीआरमध्ये नसलं, जसं न्यू जर्सी किंवा फ्लोरिडा, तरी तुम्हाला ते चुकत नाही. सामील असलेल्या दुसऱ्या राज्यामार्फत भरायचं, एवढाच फरक.

मग २२९०. वजन ५५,००० पौंडांपासून पुढे असलेल्या गाडीला वर्षाला १०० डॉलर, आणि त्यावरच्या प्रत्येक १,००० पौंडांना २२ डॉलर. ७५,००० च्या वर गेलात की कमाल ५५० डॉलर. याचं वर्ष १ जुलै ते ३० जून. जुलैमध्ये रस्त्यावर असलेल्या गाडीचा फॉर्म ३१ ऑगस्टपर्यंत जायला हवा. वर्षाच्या मध्ये घेतलेल्या गाडीचा, पहिल्यांदा रस्त्यावर आणलेल्या महिन्याच्या पुढच्या महिन्याअखेर. यासाठी ईआयएन नंबर (धंद्याचा करक्रमांक) लागतो, सोशल सिक्युरिटी नंबर चालत नाही. फॉर्म मंजूर झाला की शिक्का मारलेलं शेड्यूल १ मिळतं. ते जपून ठेवा, कारण पुढच्याच टेबलावर तेच मागतात.

ते टेबल आयआरपीचं. अपोर्शन्ड प्लेट म्हणतात ती हीच. ४८ राज्यं, वॉशिंग्टन डीसी आणि कॅनडाचे १० प्रांत या करारात आहेत. अर्ज तुमच्या बेस स्टेटमध्ये करायचा, म्हणजे जिथे तुमचं खरंखुरं ऑफिस आहे आणि वह्या ठेवल्या आहेत तिथे. नुसत्या पोस्टबॉक्सच्या पत्त्यावर स्वस्तातल्या राज्याची प्लेट काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ऑडिटला पहिला प्रश्न ऑफिसचाच येतो. मागच्या १ जुलै ते ३० जून या काळात कुठल्या राज्यात किती मैल झाले, त्या प्रमाणात रजिस्ट्रेशनची फी सगळ्या राज्यांत वाटली जाते. नव्या कंपनीकडे इतिहास नसतो, तेव्हा बेस स्टेटचा सरासरी तक्ता वापरतात. २०१५ पासून एक सोय झाली आहे. कॅब कार्डवर (गाडीत ठेवायच्या रजिस्ट्रेशनच्या कागदावर) सगळीच राज्यं छापून येतात, त्यामुळे नव्या राज्यात शिरायला वेगळी भर टाकावी लागत नाही. पण दुसऱ्या वर्षीची फी तुमच्या खऱ्या मैलांवर निघते. म्हणजे मैलांची नोंद पहिल्या फेरीपासून हवी.

शेवटी इफ्टा. बेस स्टेटकडून एक लायसन्स आणि प्रत्येक गाडीला दोन स्टिकर, कॅबच्या दोन्ही बाजूंना बाहेरून. कॅलेंडर वर्षाचं असतं, डिसेंबरच्या आत नूतनीकरण करा.

एखाद्याच फेरीसाठी इतकं सगळं नको असेल तर बहुतेक राज्यं तात्पुरतं ट्रिप परमिट देतात. वर्षातून एकदा जाणाऱ्याला ते ठीक. दर महिन्याला जाणाऱ्याला महागात पडतं.

इफ्टाचं गणित, एका तिमाहीचं

इफ्टा हा मैलांवरचा कर वाटतो, पण आहे डिझेलवरचा. तत्त्व एवढंच: कर जिथे डिझेल भरलं तिथला नाही, जिथे जाळलं तिथला. पंपावर तुम्ही एका राज्याचा कर दिलेला असतो, गाडी दुसरीकडेच धावलेली असते. तिमाही रिटर्न हा फरक मिटवतं.

समजा तिमाहीत गाडी एकूण ३०,००० मैल चालली आणि ५,००० गॅलन डिझेल लागलं. सरासरी निघाली ६.०० मैल. आता ओहायोत ६,००० मैल झाले, म्हणजे तिथे १,००० गॅलन जळलं असं धरायचं. ओहायोत भरलं मात्र ७००. उरलेल्या ३०० गॅलनचा ओहायोचा कर देणं लागतो. गॅलनमागे ४७ सेंट धरले तर १४१ डॉलर. पेनसिल्व्हेनियात ३,००० मैल, म्हणजे ५०० गॅलन जळलं, पण भरलं ८००. तिथले ३०० गॅलन जमेला, ७४ सेंटने २२२ डॉलर. असं प्रत्येक राज्याचं करून शेवटी एकच बेरीज, आणि एकच चेक बेस स्टेटला. तिमाहीनुसार दर बदलतात, म्हणून त्या तिमाहीचाच तक्ता घ्या.

केंटकी आणि व्हर्जिनिया यांच्या पुढे सरचार्जची आणखी एक ओळ असते. तो पंपावर भरला जात नाही, त्यामुळे तिथे कितीही डिझेल भरलं तरी सरचार्ज रिटर्नमध्ये द्यावाच लागतो.

यातून डिझेल कुठे भरायचं याचा एक फार उपयोगाचा नियम निघतो. पंपावरचा आकडा बघून स्वस्त-महाग ठरवू नका, त्यातून राज्याचा कर वजा करून बघा. एका राज्यात भाव ४.०० डॉलर आहे आणि त्यात कर ७४ सेंट. शेजारी ३.७५ डॉलर, कर ३० सेंट. ड्रायव्हर दुसरीकडे टाकी भरतो आणि खूश होतो. पण कर कसाही गाडी धावली त्याच राज्याला जाणार आहे. कर काढला तर पहिल्या राज्यात डिझेल ३.२६ ला आणि दुसरीकडे ३.४५ ला पडलं. दीडशे गॅलनच्या टाकीमागे २८ डॉलर गेले. वर्षभराचा हिशोब केलात तर हा एकच नियम यूसीआरची फी कितीतरी वेळा वसूल करून देतो.

पावतीवर तारीख, पंपाचं नाव-पत्ता, गॅलन, इंधनाचा प्रकार, भाव, गाडीचा नंबर आणि खरेदीदाराचं नाव हवं. रीफरच्या (माल थंड ठेवणाऱ्या ट्रेलरच्या) टाकीतलं डिझेल यात धरायचं नाही, डीईएफही (धूर कमी करणारं द्रव) नाही. पंपावर एकाच पावतीवर तिन्ही येतात आणि घाईत तिन्हींची बेरीज रिटर्नमध्ये जाते. सरासरी अचानक ४.८ आली तर पहिला संशय इथेच घ्या. पंपाची पावती थर्मल कागदाची असते, गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात दोन महिन्यांत कोरी होते. ड्रायव्हरला पंपावरच फोटो काढून पाठवायची सवय लावा.

गाडी तिमाहीभर उभी असली तरी शून्याचं रिटर्न भरावंच लागतं. उशीर झाला तर ५० डॉलर किंवा कराच्या १० टक्के, जे जास्त असेल ते, आणि वर व्याज.

ओरेगन

पाच राज्यांत सर्वांत जास्त वेळ ओरेगनवर घालवा, कारण पैसा इथेच जातो.

अमेरिकेत पेट्रोलवर पहिला कर लावणारं राज्य हेच, १९१९ साली. जड गाड्यांना मात्र ओरेगन डिझेलवर कर लावत नाही, वजन आणि मैल यांवर लावतं. वेट-माईल टॅक्स तो हाच. त्यामुळे इफ्टाच्या रिटर्नमध्ये ओरेगनचे मैल लिहायचे असतात, पण त्यांच्यापुढचा दर शून्य असतो. ज्याला हे माहीत नाही तो शून्य बघून समजतो की ओरेगन फुकट आहे.

८०,००० पौंडांच्या गाडीला मैलामागे साधारण पाव डॉलर धरा. कॅलिफोर्नियाहून आय-५ महामार्गाने आलात तर अ‍ॅशलंडपासून पोर्टलंडपर्यंत ओलांडायला ३०८ मैल. म्हणजे एका बाजूचे ७७ डॉलर आणि परतीचे तेवढेच. तुलनेला घ्या, डिझेलवर ४० सेंट कर असलेल्या राज्यात गाडी गॅलनमागे सहा मैल देत असेल तर मैलामागे सातेक सेंट पडतात. लोड स्वीकारताना ब्रोकरशी भावाची बोलणी करताय तेव्हाच ओरेगनचे मैल वेगळे काढून हा फरक भावात धरला पाहिजे. नंतर महिनाअखेर बसून हळहळण्यात अर्थ नाही.

कर तुमच्या घोषित वजनावर आहे, त्या दिवशीच्या काट्यावरच्या वजनावर नाही. खाते उघडताना ८०,००० घोषित केलंत की गाडी अर्धी भरलेली असो वा रिकामी, दर ८०,००० चाच. दर २,००० पौंडांच्या टप्प्याने बदलतात. हलकाच माल नेणाऱ्यांनी, फोम, चिप्सची पाकिटं, रिकामे डबे, घोषित वजनाचा विचार डोळसपणे करावा. वेगवेगळ्या ट्रेलर-जोडणीसाठी वेगळी वजनं घोषित करता येतात. पण घोषित वजनापेक्षा काट्यावर जास्त भरलं तर तिथेच पकडले जाल. अ‍ॅशलंड, वुडबर्न, केस्केड लॉक्स, फेअरवेल बेंड, उमाटिला, सगळीकडे काटे आहेत आणि ते आकडे सरकारी नोंदीत जातात. ८०,००० च्या वर वेगळा तक्ता लागतो, आणि तिथे अ‍ॅक्सल वाढले तर दर कमी होतो, कारण रस्त्यावरचा भार वाटला जातो.

ओरेगनचं वेट-माईल खातं असलेल्या ट्रकला तिथल्या पंपावर राज्याचा डिझेल कर लागत नाही. म्हणून तिथला भाव खाली दिसतो. वर सांगितलेल्या वजाबाकीत ओरेगनचा कर शून्य धरा.

नव्या कंपनीकडून ओरेगन बॉण्ड, म्हणजे कर बुडू नये म्हणून हमी, मागतं. रिपोर्ट दर महिन्याला, पुढच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत. त्या महिन्यात ओरेगनला गेला नाहीत तरी 'गाडी चालली नाही' असा रिपोर्ट द्यावाच लागतो. बंद पडलेल्या खात्यांचं कारण बहुतेक वेळा हाच न दिलेला शून्याचा रिपोर्ट असतो. आणि नोंदीत ओडोमीटर हवा: राज्यात शिरताना किती, बाहेर पडताना किती.

ट्रकवाल्यांवर इथे त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त भार पडतो, असं राज्याच्याच अलीकडच्या खर्च-वाटपाच्या अभ्यासांत दिसलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये ट्रक कंपन्यांच्या राज्य संघटनेने त्यावर खटला भरला. मला त्यांची बाजू पटते. पण वाद मिटेपर्यंत कर छापील दरानेच भरायचा आहे.

उरलेली चार राज्यं

न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक गाडीला एचयूटीचं (हायवे यूज टॅक्सचं) सर्टिफिकेट आणि डिकल लागतं. फी जेमतेम दीड डॉलर, पण ते नसताना पकडलं तर दंड मोठा. दर वजनाप्रमाणे, ८०,००० पौंडांच्या भरलेल्या गाडीला मैलामागे साडेपाच सेंटांच्या आसपास. इथे भरलेले आणि रिकामे मैल वेगळे लिहायचे असतात, रिकाम्याचा दर कमी आहे. त्याहून महत्त्वाचं: थ्रूवेच्या, म्हणजे तिथल्या टोल महामार्गाच्या, टोल भरलेल्या भागावरचे मैल या करातून वगळतात. बफेलो ते ऑल्बनी जाणाऱ्याच्या हिशोबात हा मोठा आकडा आहे, आणि कित्येक जण तो वगळतच नाहीत. पुरावा म्हणून ई-झेडपासचं (टोलच्या टॅगचं) स्टेटमेंट दर महिन्याला उतरवून ठेवा. इफ्टाच्या एकूण मैलांत मात्र थ्रूवेचे मैल धरायचेच. बहुतेक छोट्या कंपन्या तिमाही रिटर्न भरतात. वर्षाचा कर अगदी थोडा असेल तर वार्षिक, जास्त असेल तर मासिक.

केंटकी सगळ्यांत सोपं. केवाययू नंबर (तिथल्या मैलकराचा खातेक्रमांक) काढा, ६०,००० पौंड किंवा त्यावरच्या गाड्यांना मैलामागे सरसकट २.८५ सेंट. आय-६५ ने टेनेसीच्या हद्दीपासून लुईव्हिलपर्यंत १३७ मैल, म्हणजे चार डॉलरसुद्धा नाहीत. इथेही नोंदवलेलं वजन बघतात, त्या दिवशीचा माल नाही. रक्कम इतकी किरकोळ की लोक विसरतात, आणि नेमका त्याच नंबरवरून काट्यावर ट्रक बाजूला घेतला जातो.

न्यू मेक्सिकोचं वेट-डिस्टन्स परमिट गाडीवार असतं. ८०,००० ला मैलामागे चार सेंटांहून जास्त. आय-४० ने पूर्ण राज्य ओलांडायला ३७३ मैल लागतात, आणि टेक्सासच्या बाजूला सॅन हॉन, अ‍ॅरिझोनाच्या बाजूला गॅलप इथे पोर्ट ऑफ एंट्री, म्हणजे ट्रकचे तपासणी नाके, आहेत. एक सवलत इथे ठाऊक हवी: ज्या गाडीचे न्यू मेक्सिकोतले ४५ टक्के किंवा जास्त मैल रिकामे झाले, ती एकमार्गी वाहतूक म्हणून कमी दराला, दोन-तृतीयांशाला, पात्र ठरते. टँकर आणि खाणीचा माल नेणाऱ्यांना ही बरोबर लागू पडते. अर्थात त्यासाठी रिकामे मैल वेगळे लिहिलेले हवेत.

कनेटिकट सर्वांत नवं. १ जानेवारी २०२३ पासून हायवे यूज फी सुरू झाली. २६,००० पौंडांना अडीच सेंटांपासून चढत ८०,००० ला १० सेंट, आणि त्याच्या एक पौंड वर गेलात की साडेसतरा सेंट. ट्रेलर-जोड गाड्यांना आहे, एकसंध बॉक्स ट्रकला नाही. आय-९५ ने न्यूयॉर्कहून बोस्टनकडे जाणारा प्रत्येक ट्रेलर यात येतो, मग कनेटिकटमध्ये माल उतरवला नसला तरी. रिटर्न तिमाही.

या पाचांत बसत नाही पण सांगायला हवं असं एक: कॅलिफोर्नियात १४,००० पौंडांवरच्या डिझेल गाड्यांना क्लीन ट्रक चेकची नोंदणी, वार्षिक फी आणि धुराची ठरावीक चाचणी लागते. बाहेरच्या राज्यातून आलेल्या गाडीलाही. ब्रोकर आता लोड देण्याआधीच ते सर्टिफिकेट मागतात. रुंदी साडेआठ फुटांवर किंवा वजन ८०,००० वर गेलं तर प्रत्येक राज्याचं ओव्हरसाइज किंवा ओव्हरवेट परमिट वेगळं, मार्गासकट. तो स्वतंत्र विषय आहे.

मैलांची वही

आता मूळ मुद्दा. इफ्टा, आयआरपी, ओरेगन, न्यूयॉर्क, केंटकी, सगळ्यांना लागणारा कच्चा माल एकच आहे: कुठली गाडी, कुठल्या दिवशी, कुठल्या राज्यात किती मैल. तो एकदाच, एकाच ठिकाणी तयार करा आणि सगळी रिटर्न त्यातूनच भरा. प्रत्येक रिटर्नसाठी वेगळा अंदाज काढत बसलात तर पाच आकडे पाच सांगतील.

एका फेरीची नोंद अशी दिसली पाहिजे. गाडी १०२. निघाली ३ मार्च, स्टॉकटन, कॅलिफोर्निया. पोहोचली ४ मार्च, पोर्टलंड, ओरेगन. मार्ग आय-५. सुरुवातीचा ओडोमीटर, ओरेगनच्या हद्दीवरचा ओडोमीटर, शेवटचा ओडोमीटर. एकूण मैल, त्यातले कॅलिफोर्नियाचे इतके, ओरेगनचे इतके. माल भरलेला. आणि खाली परतीची ओळ, रिकामी, तीही तितक्याच तपशिलाने. पुढच्या फेरीचा सुरुवातीचा ओडोमीटर मागच्या फेरीच्या शेवटच्या ओडोमीटरशी जुळला नाही, तर मधले मैल कुठे गेले हे त्याच आठवड्यात ड्रायव्हरला विचारा. बहुधा गॅरेजला नेलेली गाडी किंवा ट्रेलरशिवाय मारलेली चक्कर असते. ते मैलही मोजायचे असतात.

'आमच्याकडे ईएलडी आहे, सगळं त्यात आहे,' हे वाक्य मी फार वेळा ऐकतो. ईएलडीचा (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक लॉगचा) नियम ड्रायव्हरचे तास मोजायला केलेला आहे. त्यात गाडी चालताना ठिकाणाची नोंद तासाला एकदा झाली तरी चालते. इफ्टा आणि आयआरपीला जीपीएसवरून मैल दाखवायचे तर इंजिन चालू असताना किमान दर १० मिनिटांनी अक्षांश-रेखांशाची नोंद हवी. तासाभरात ट्रक दोन राज्यं ओलांडून तिसऱ्यात असू शकतो. शिवाय ड्रायव्हरच्या लॉगचा तपशील सहा महिनेच ठेवायचं बंधन असतं, आणि इफ्टाच्या वह्या चार वर्षं लागतात. म्हणून आपल्या ईएलडी कंपनीला दोन प्रश्न लेखी विचारा: नोंद किती मिनिटांनी होते, आणि जुनी नोंद किती वर्षं मिळेल. नंतर दर महिन्याला तो डेटा स्प्रेडशीटमध्ये उतरवून आपल्याकडे ठेवा. नुसती पीडीएफ चालत नाही, ऑडिटरला छाननी करता येईल असं स्वरूप लागतं. आयआरपीच्या वह्या रजिस्ट्रेशन वर्ष संपल्यावर आणखी तीन वर्षं. त्या वर्षाची फी त्याआधीच्या मैलांवर ठरलेली असते, म्हणजे काही नोंदी साडेसहा वर्षं सांभाळाव्या लागतात.

ऑडिट सगळ्यांचं होत नाही. करारानुसार प्रत्येक राज्याने वर्षाला सरासरी ३ टक्के खाती तपासायची असतात. पण तुमचं निघालं आणि नोंदी अपुऱ्या ठरल्या, तर ऑडिटर सरासरी ४.०० वर आणू शकतो किंवा २० टक्क्यांनी कमी करू शकतो. वरच्या उदाहरणात ३०,००० मैलांना ५,००० ऐवजी ७,५०० गॅलन जळलं असं धरलं जाईल. वाढलेल्या २,५०० गॅलनचा कर, एका तिमाहीचा. आणि असं प्रत्येक तिमाहीला.

ऑडिटर पहिलं काय करतो? इफ्टात दाखवलेले ओरेगनचे मैल आणि ओरेगनला कळवलेले मैल शेजारी ठेवतो. न्यूयॉर्क, केंटकीचंही तेच. ते काम तुम्ही आधी करा. रिटर्न पाठवण्याच्या आदल्या दिवशी एक तक्ता मांडा, राज्याचं नाव, इफ्टाचे मैल, राज्याच्या खात्यातले मैल, फरक. न्यूयॉर्कचा फरक थ्रूवेएवढाच असावा. बाकी ठिकाणी शून्य.

तारखा लक्षात ठेवणं सोपं आहे. ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी: इफ्टा, न्यूयॉर्क, केंटकी, न्यू मेक्सिको, कनेटिकट, सगळ्यांची तिमाही रिटर्न याच चार दिवशी. ओरेगन दर महिनाअखेर. पुण्यातून काम करणाऱ्यांनी शेवटच्या दिवसावर ठेवू नये. तिकडची सरकारी पोर्टल्स महिनाअखेरीला अडखळतात आणि मदतीचा फोन तुमच्या संध्याकाळी किंवा रात्री उघडतो.

दुसऱ्याच्या अथॉरिटीवर चालवत असाल तर

गाडी तुमची पण लीजवर मोठ्या कंपनीकडे, असं असेल तर बहुधा इफ्टा आणि मैलकर कंपनी भरते आणि तुमच्या सेटलमेंटमधून (भाड्याच्या हिशोबातून) कापते. केंद्राच्या लीजच्या नियमांप्रमाणे इंधन, इंधनकर, परमिटं, टोल यांचा खर्च कोणी करायचा हे करारात लिहिलेलंच असावं लागतं. सही करण्याआधी ती ओळ शोधा. कपात दिसली की राज्यवार मैलांचा तपशील मागा. 'फ्युएल टॅक्स' म्हणून दर आठवड्याला एकच गोल रक्कम कापली जात असेल, तर तिमाहीअखेर खरा हिशोब होऊन जास्तीचे पैसे परत येतात का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तुम्ही स्वस्त कर असलेल्या राज्यांत डिझेल भरत नसाल तर इफ्टात तुमच्या गाडीची जमा निघते, आणि ती तुमची आहे.

गाडी विकली किंवा धंदा थांबवला

हा टप्पा जवळपास सगळे विसरतात. गाडी विकलीत त्याच आठवड्यात तिला ओरेगनच्या खात्यातून, न्यूयॉर्कच्या सर्टिफिकेटमधून, न्यू मेक्सिकोच्या परमिटातून आणि आयआरपीतून काढा. इफ्टाची स्टिकरं खरवडून काढा, प्लेट स्वतःच्या ताब्यात घ्या. नवा मालक जुन्या स्टिकरांवर फिरला तर काट्यावरची नोंद तुमच्या खात्यावर पडते. २२९० चा भरलेला कर विकलेल्या गाडीसाठी उरलेल्या महिन्यांपुरता परत मागता येतो, तो सोडू नका. खातं बंद करताना प्रत्येक ठिकाणी शेवटचं रिटर्न, 'अंतिम' अशी खूण करून, भरा. ओरेगनचा बॉण्ड सोडवायचा अर्ज त्यानंतर करायचा असतो. आणि वह्या, पावत्यांचे फोटो, जीपीएसच्या फाइली शेवटच्या रिटर्नपासून किमान चार वर्षं ठेवा, कारण ऑडिटची नोटीस खातं बंद झाल्यावरही येऊ शकते.